गरज, हौस आणि समाधान

"मला हवें" हे दोन शब्द मनुष्याच्या जिभेवर फार लवकर येतात. तान्हें मूल बोलूं लागलें कीं आई-बाबांच्या हाकेमागोमाग तें हेच शब्द शिकतें, आणि वार्धक्यापर्यंत ते त्याच्या तोंडून जात नाहींत. या शब्दांत वाईट असें कांहींच नाहीं. देवानें मनुष्याला भूक लागणारें पोट दिलें, थंडीवाऱ्याला भिणारें शरीर दिलें, प्रेमावांचून कोमेजणारें मन दिलें. तेव्हां मागणें हा त्याच्या स्वभावाचा भागच आहे. अडचण एवढीच कीं "मला भाकर हवी" आणि "मला शेजाऱ्यासारखा नवा मोबाईल हवा" या दोन्ही वाक्यांत शब्द एकच येतो, आणि शब्द एक असल्यामुळें दोन्ही मागण्या एकाच तोलाच्या आहेत असा आपला समज होतो. या समजापायीं घराघरांत किती असमाधान, किती कर्ज आणि किती रुसवेफुगवे जन्मास येतात, हें विद्यार्थ्यांना आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या पालकांना ठाऊक आहे. म्हणून गरज कोणती, हौस कोणती, आणि या दोहोंपलीकडचें टिकाऊ समाधान कोठें मिळतें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

गरजेची पहिली खूण अशी कीं तिला माप असतें. तहानलेल्या माणसाला तांब्याभर पाणी पुरतें. पुढें केलेला दुसरा तांब्या तो हातानें परत सारतो. भुकेल्याला दोन-तीन भाकरी पुरतात. दमलेल्याला एक रात्रीची झोंप पुरते. गरज भागली कीं ती गप्प बसते. हौसेचें तसें नाहीं. एक वस्तु हातीं आली कीं तिची नवलाई चार दिवसांत ओसरते, आणि मन तिच्यापुढच्या वस्तूकडे धावूं लागतें. हौस भागविल्यानें शमत नाहीं. ती भागविली म्हणजे तिला नवें बळ येतें.

दुसरी खूण अशी कीं गरज आपल्या आंतून उठते, आणि हौस बहुधा शेजाऱ्याच्या घरांतून येते. अरण्यांत एकट्यानेंच राहणाऱ्या माणसाला भूक लागेल, थंडी वाजेल, सोबतीची ओढ लागेल. परंतु अमुक छापाचेच बूट पायांत हवेत असें त्यास कधींहि वाटणार नाहीं. मोशेच्या द्वारें मिळालेल्या दहा आज्ञांपैकीं शेवटची आज्ञा लोभाविरुद्ध आहे, आणि तिच्यांत शेजाऱ्याचें घर, त्याचा बैल, त्याचें गाढव अशा वस्तु नांवानिशीं सांगितल्या आहेत. शेतकऱ्याला बैल लागतोच. बैल हवासा वाटणें हा अपराध नव्हे. शेजाऱ्याच्या गोठ्याकडे पाहून जळणाऱ्या डोळ्यांना ती आज्ञा आवर घालते. पूर्वीं असा शेजारी भिंतीपलीकडे एकच असे. आज हातांतल्या पडद्यावर हजारों शेजारी आपापलीं घरें, कपडे आणि सहली आपल्यापुढें मांडून बसलेले असतात; म्हणून या आज्ञेची निकड आज कमी झालेली नसून वाढलेली आहे.

तथापि वस्तूंच्या दोन याद्या करून एकीवर 'गरज' आणि दुसरीवर 'हौस' असें लिहून टाकावें, इतकें हें काम सोपें नाहीं. १९२० सालीं नव्हे, अगदीं अलीकडे, २०२० सालच्या मार्चमध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवरून होऊं लागलें, हें सर्वांच्या स्मरणांत आहे. त्या दिवसांत ज्या घरांत तीन भावंडांत मिळून एकच मोबाईल होता, तेथें दुसरा मोबाईल मागणाऱ्या मुलाला हौशी म्हणणें अन्यायाचें झालें असतें. शाळा पुन्हां उघडल्या, आणि तोच मोबाईल कित्येक घरांत अभ्यासाचा वैरी ठरला. वस्तु तीच, परंतु तिचें प्रयोजन बदललें. तात्पर्य, वस्तूवर गरजेचा शिक्का मारलेला नसतो. आपण ती कशासाठीं मागतों, यावर निवाडा अवलंबून असतो.

येथें आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. हौस म्हटली कीं तें पाप, असें मुळींच नाहीं. सणाचें गोड जेवण, लग्नांतलीं वाजंत्रीं, बहिणीसाठीं आणलेल्या रंगीत बांगड्या यांवांचून माणूस मरत नाहीं. परंतु यांवांचून जगणें फार रुक्ष होईल. गालीलांतील काना गांवीं लग्नघरचा द्राक्षारस संपला, तेव्हां प्रभु येशूनें पाण्याचा द्राक्षारस करून यजमानाची लाज राखली, असें योहानाच्या शुभवर्तमानांत सांगितलें आहे. जीव वांचविण्यासाठीं तो चमत्कार नव्हता. तो आनंदासाठीं होता. म्हणून हौसेनें घरांत यावें, बसावें, हंसावें. परंतु तिनें घराच्या किल्ल्या मात्र मागूं नयेत. ऋण काढून सण करण्याची वेळ आली, म्हणजे किल्ल्या तिच्या कमरेला गेल्या असें समजावें.

गरजेचें माप आणि श्रद्धा यांचा संबंध काय, हें समजण्यास बायबलांतील निर्गम नांवाच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायांतील हकीकत फार उपयोगी आहे. इस्राएल लोक मिसर देशाच्या दास्यांतून सुटून अरण्यांत आले होते. शेत नाहीं, कोठार नाहीं, बाजार नाहीं, अशा त्या ओसाड प्रदेशांत देवानें त्यांना मान्ना नांवाचें अन्न पुरविलें. सकाळीं दंव उडून गेलें कीं तें बारीक खवल्यांसारखें भूमीवर पडलेलें दिसे. आज्ञा अशी होती कीं माणशीं एक ओमर, म्हणजे आपल्या हिशेबानें सुमारें दोन लिटर, इतकें गोळा करावें आणि दुसऱ्या दिवसासाठीं कांहीं उरवूं नये. कोणीं अधिक वेंचलें, कोणीं कमी. परंतु माप लावून पाहतां हावऱ्याच्या पाटींत जास्त निघालें नाहीं आणि अशक्ताच्या पाटींत तूट आली नाहीं. तरीहि कित्येकांनीं तें रात्रीं झांकून ठेविलें. सकाळ होते तों त्यांत किडे पडले आणि घाण सुटली. विशेष असें कीं शब्बाथाच्या आदल्या दिवशीं दुप्पट वेंचण्याची मोकळीक होती, आणि त्या रात्रीं ठेवलेलें अन्न मात्र नासलें नाहीं. सांठविणेंच मुळांत वाईट, असा या हकीकतीचा अर्थ नव्हे. वेळप्रसंगासाठीं चार पैसे बाजूस ठेवणाऱ्या आईबापांनीं मनांत किंतु आणूं नये. जें विसाव्यासाठीं, आज्ञेप्रमाणें ठेविलें तें टिकलें; जें अविश्वासानें लपविलें तें सडलें.

त्या लोकांनीं अन्न लपविलें तरी कां? पोट तर भरलें होतें. लपविणाऱ्यांच्या मनांत भूक नव्हती, भीति होती: उद्यां आलें नाहीं तर? आपल्या पुष्कळशा हौशींच्या मुळाशीं शोध केला, तर हीच भीति सांपडते. उद्यांची भीति, लोक काय म्हणतील याची भीति, सोबत्यांच्या मागें पडण्याची भीति. भीतीवर वस्तूंचा उतारा चालत नाहीं. कारण वस्तु वाढल्या कीं त्या गमावण्याची भीतिहि वाढते.

आणि भीतीबरोबर विसरहि येतो. पुढें याच लोकांना मान्ना नकोसा झाला. मिसरांत खाल्लेले मासे, काकड्या, खरबुजें, कांदे आणि लसूण आठवून ते रडूं लागले, असें गणना नांवाच्या पुस्तकांत लिहिलें आहे. कांदा-लसणावांचून ज्यांचा घास घशाखालीं उतरत नाहीं, अशा आपणां महाराष्ट्रीयांना त्यांची तळमळ समजण्यासारखी आहे! परंतु त्या कांद्याबरोबर विटा पाडण्याची वेठ होती, मुकादमाचा मार होता, नदींत फेंकलेलीं तान्हीं मुलें होतीं, याची त्यांना आठवण राहिली नाहीं. हौसेची ही तिसरी खूण आहे. ती वस्तूची चव दाखविते, किंमत दाखवीत नाहीं. आजहि दुकानाच्या जाहिरातींत महिन्याचा हप्ता मोठ्या अक्षरांत असतो आणि व्याज बारीक अक्षरांत असतें. हें अरण्यांतल्या कांद्याचेंच नवें रूप होय.

तेव्हां समाधानाचा मार्ग भीतीच्या मुळाशीं गेला पाहिजे, आणि तेथें श्रद्धेचें काम सुरू होतें. श्रद्धा म्हणजे जें मागावें तें देव देतो असा हिशेब नव्हे. तसें मानणारा मनुष्य देवाला दुकानदार समजतो, आणि माल वेळेवर आला नाहीं म्हणजे दुकान बदलतो. श्रद्धा म्हणजे आपल्याला काय लागतें हें जाणणारा एक पिता आहे, त्याच्या हातांतून आपण निसटलेलों नाहीं, हा भरंवसा. प्रभु येशूनें शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तिच्यांत भाकरीची मागणी आहे. म्हणजे गरजेची लाज धरण्याचें कारण नाहीं. परंतु ती मागणी आजच्या दिवसापुरती आहे, आणि ती 'मला' नसून 'आम्हांला' आहे. या दोन गोष्टींत सारें सार आलें. आजपुरतें मागणारा उद्यांच्या भीतींतून सुटतो. आणि 'आम्हांला' म्हणणारा आपल्या ताटाबरोबर शेजाऱ्याचें ताटहि पाहूं लागतो. लोभी डोळाहि शेजाऱ्याच्या ताटाकडेच पाहतो. परंतु तें भरलेलें असलें तर तो जळतो. श्रद्धावंत डोळा तें रिकामें असलें तर हळहळतो.

प्रेषित पौल कैदेंत असतांना फिलिप्पै येथील मंडळीनें त्याच्याकडे एपफ्रदीत नांवाच्या बंधूच्या हातीं कांहीं मदत पाठविली. तिच्या पोंचेचें पत्र बायबलांत आहे. त्यांत पौल सांगतो कीं विपुलता असो वा टंचाई असो, प्रत्येक स्थितींत तृप्त राहावयास आपण शिकलों आहों. 'शिकलों' हा शब्द विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावा. समाधान हें कांहीं भाग्यवंतांना जन्मतः मिळणारें देणें नव्हे. गणिताप्रमाणें, अक्षराप्रमाणें तें शिकावें लागतें, आणि त्याच्या इयत्ता असतात. तसेंच, तृप्त असूनहि पौलानें ती मदत नाकारली नाहीं. तिच्याबद्दल त्यानें मनापासून आनंद दाखविला. मला कशाचीच गरज नाहीं असें म्हणणारा मनुष्य समाधानी असतोच असें नाहीं; पुष्कळदां तो नुसता गर्विष्ठ असतो.

आतां एका आक्षेपाचें उत्तर दिलें पाहिजे. कोणी म्हणेल, "समाधानाचा उपदेश भरल्या पोटीं करणें सोपें आहे, ज्याच्या घरीं चूल पेटत नाहीं त्याला हें सांगून काय उपयोग?" हा आक्षेप रास्त आहे, आणि आपल्याच प्रांताचा इतिहास त्यास पुष्टि देतो. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठाव केला, आणि तो पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. जागोजाग कर्जाचे कागद जाळण्यांत आले. शेतकरी लग्नकार्यांत उधळपट्टी करतो म्हणून कर्जांत बुडतो, असें त्या काळीं पुष्कळ शहाणे लोक म्हणत. परंतु त्या दंग्यांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या सरकारी कमिशननेंच आपल्या अहवालांत असें नमूद केलें कीं लग्नादि खर्चाला या बाबतींत वाजवीहून अधिक महत्त्व देण्यांत आलें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, आणि साऱ्याची फेरआकारणी होऊन तो वाढला होता. सारा भरण्यास, बियाण्यास आणि पोटास कर्ज काढावें लागत होतें. म्हणजे ज्याला सुखवस्तु लोक हौस म्हणून नांवें ठेवीत होते, ती बहुतांशीं गरज होती. १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं कायदा करावा लागला, तो यामुळेंच.

या इतिहासापासून शिकण्याजोगी गोष्ट ही कीं गरज आणि हौस यांचा तराजू प्रत्येकानें प्रथम आपल्या घरीं टांगावा. दुसऱ्याच्या, आणि विशेषतः गरिबाच्या, दारांत नेऊन टांगूं नये. भुकेल्याला समाधान शिकविण्याआधीं भाकर द्यावी. बायबलांतील नीतिसूत्रांत आगूर नांवाच्या मनुष्याची प्रार्थना आहे. दारिद्र्य नको आणि श्रीमंतीहि नको, अशी ती आहे. श्रीमंतीनें देवाचा विसर पडेल आणि दारिद्र्यानें चोरीची बुद्धि होईल, असें कारण तो देतो. दारिद्र्याला पुण्य म्हणण्याचा खोटेपणा त्या प्रार्थनेंत नाहीं.

आपली गरज ओळखून थांबलेला मनुष्य दुसऱ्याच्या गरजेसाठीं किती मोकळा होतो, याचें उदाहरण त्याच पुणें जिल्ह्यांत आहे. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ सालचा. कोवळ्या वयांत, दुष्काळाच्या दिवसांत, त्यांनीं आईबाप आणि थोरली बहीण गमावलीं. भूक म्हणजे काय हें त्यांना पुस्तकांतून कळलेलें नव्हतें. पुढें कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांचा सत्कार केला, इंग्लंड-अमेरिकेंत त्यांची कीर्ति झाली. एवढ्या विद्येवर आणि लौकिकावर स्वतःसाठीं सुखाचें जीवन उभारणें त्यांना अशक्य नव्हतें. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्य प्रांतांत गेल्या आणि उपासमारींत सांपडलेल्या शेंकडों मुलींना व स्त्रियांना घेऊन आल्या. केडगांव येथें त्यांनीं जो आश्रम उभारला, त्याचें नांव त्यांनीं 'मुक्ति' ठेविलें. तेथें नुसतें अन्न वाढून काम संपलें नाहीं. शिक्षण, शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग त्यांनीं त्या स्त्रियांच्या हातीं दिले, कारण स्वतःच्या पायांवर उभें राहणें हीहि माणसाची गरजच आहे. उद्यांचें धान्य कोठून येणार हा प्रश्न त्यांच्यापुढें कैक वेळां असे, आणि कैक वेळां प्रार्थनेवांचून त्यास दुसरें उत्तर नसे. मूळ भाषांवरून मराठींत बायबलाचें भाषांतर करण्याचें काम त्यांनीं वर्षानुवर्षें चालविलें, आणि तें तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या. त्यांचा आश्रम आजहि चालू आहे. आपल्यासाठीं थोडें पुरतें असें ज्याला कळलें, त्याच्या हातून दुसऱ्यांसाठीं पुष्कळ होतें.

विद्यार्थिमित्रहो, आतां तुमच्यापुरतें सांगावयाचें. एखादी वस्तु मनापासून हवीशी वाटली, तर आईबाबांकडे हट्ट धरण्यापूर्वीं स्वतःस तीन प्रश्न विचारा. ही वस्तु न मिळाली तर कोणाचें काय अडेल? ती कोणाजवळहि नसती, तर मला हवीशी वाटली असती काय? आणि ती मिळावी म्हणून घरांत दुसऱ्या कोणाला कशावर पाणी सोडावें लागेल? या प्रश्नांचीं उत्तरें एका दिवसांत देऊं नका, महिनाभर थांबा. गरज महिन्यानंतरहि तेथेंच उभी असते. हौस बहुधा तोंवर दुसऱ्या दुकानापुढें जाऊन उभी राहिलेली असते. आणखी एक गोष्ट. वर्गांत ज्याचे बूट झिजलेले आहेत, ज्याच्या डब्यांत रोज कोरडी भाकरच असते, त्याच्यापुढें आपल्या वस्तूंची मिरवणूक काढूं नका. शाळेचा गणवेश सर्वांना सारखा ठेवलेला आहे तो यासाठींच. एखाद्या मुलानें घरीं जाऊन न झेपणारी वस्तु रडून मागितली, तर त्या रडण्यांत आपल्या बढाईचा वांटा किती, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें.

पालकहो, आपणांस उपदेश करण्याचा अधिकार या लेखाला नाहीं. एक विनंति मात्र करावीशी वाटते. आपणांस लहानपणीं जें मिळालें नाहीं तें सारें आपल्या मुलांना मिळावें, ही इच्छा प्रेमाची आहे. परंतु अंथरूण पाहून पाय पसरणारा बाप मुलांच्या नजरेंत लहान होईल, ही भीति बाळगूं नये. "हें आपल्याला परवडत नाहीं" असें शांतपणें सांगणारे आईबाप मुलांना जो धडा देतात, तो कोणत्याहि शाळेंत मिळत नाहीं. मुलांची मोठी गरज पुष्कळदां फार स्वस्त असते: रात्रीचें जेवण एकत्र, दिवसाकाठीं अर्धा तास त्यांचें बोलणें ऐकून घेणें, आणि झोंपण्यापूर्वीं सर्वांनीं मिळून देवाचें नांव घेणें. आपण ख्रिस्ती असा वा अन्य धर्माचे असा, घरांत देवाचे आभार मानले जातात कीं नुसत्या तक्रारी मांडल्या जातात, हें मुलें आपल्या शब्दांपेक्षां आपल्या वर्तनावरून ओळखतात.

जेवावयास बसल्यावर ताटावर दोन शब्द आभाराचे बोलावे, ही आपल्या घरांतील जुनी रीत आहे. ती पाळतांना ताटांत काय नाहीं याची मोजदाद सोडून काय आहे याकडे पाहावें. मग हें अन्न आजपुरतें पुरेसें आहे, आणि उद्यांचें जाणणारा जागा आहे, असें मनास सांगावें. आणि त्यानंतर, ताटांतला एक घांस कोणाच्या वांट्याचा आहे, याचीहि आठवण करावी. एवढें रोज जमलें, तर समाधान शोधीत दूर जाण्याचें प्रयोजन उरणार नाहीं. तें तुम्हां आम्हां सर्वांस लाभो, अशी त्या जगत्पित्यापाशीं नम्र प्रार्थना आहे.